वेगळा गिलास

आजारानं माणसं बुडालेली सगळ्यांनी पाहिली असतील. टेंभुर्णीचा मच्छिंद्र मात्र तब्येत सांभाळायच्या नादात बुडाला.

बाहत्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. जालन्याच्या कॉलेजात कुठलेसे एक डॉक्टर चौरस आहारावर बोलायला आले. डॉक्टरांचं स्वतःचं पोट टेबलाला टेकलेलं, पण बोलणं असं गोड की मागच्या बाकावर झोपणारी पोरंसुद्धा जागी राहिली. दूध, अंडी, फळं, मोड आलेलं कडधान्य खा, तेल-तिखट सोडा, पाणी उकळून प्या, दुसऱ्याच्या भांड्याला तोंड लावू नका. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि खानावळीत जाऊन बेसन-भाकरीवर दुप्पट ठेचा मागून घेतला. मच्छिंद्रनं मात्र शब्द न् शब्द मनावर घेतला. घ्यायचाच होता तर अभ्यास घ्यायचा होता मनावर, पण तेवढी अक्कल असती तर ही गोष्ट सांगायची वेळ कशाला आली असती?

दुसऱ्या दिवसापासून खोलीत नवा कारभार सुरू झाला. सकाळी दुधात कच्चं अंडं फेटून नाक दाबून प्यायचं. दुपारी मोड आलेली मटकी, तीही बिनमिठाची. संध्याकाळी मोसंबी. उकळून गार केलेल्या पाण्याची कळशी एकीकडे आणि तिच्यावर त्याचा एकट्याचा गिलास, वरून रुमाल झाकलेला. खोलीत सोबत राहणाऱ्या वसंतानं एकदा तहानेच्या भरात तो गिलास उचलला, तर मच्छिंद्रनं त्याच्यासमोरच गिलास स्टोव्हवर उकळायला टाकला. वसंता मनातून दुखावला. तेव्हापासून तो शेजारच्या पोरांच्या माठातलं पाणी प्यायला लागला.

दिवाळीत घरी गेल्यावर मच्छिंद्रनं आईला, चतुराबाईला, अंडं उकडून मागितलं. चतुराबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. तिनं सरळ सांगितलं, माझ्या चुलीवर अंडं चढलं तर मी चूलच उकरून फेकीन. मग तिनं गरम धपाटे वाढले, तर यानं ते आधी नखानं खरवडून तिखट किती आहे ते पाहिलं. शिकायला धाडलेलं पोरगं आपल्या हातचं खाईना, म्हणून माउली पदरानं डोळे पुसत बसली. पोरगं तिला जीवनसत्त्वं समजावत बसलं.

त्याच दिवाळीत त्याची सोयरीक ठरत आली. पिंपळगाव रेणुकाईच्या काकासाहेबांची बेबीनंदा. मुलगी पाहायला गेला तेव्हा चहा देताना तिनं मान वर करून विचारलं होतं, साखर बराबर झाली का? एवढंच. पण मच्छिंद्रचं काळीज तिथंच राहिलं. साखर वाईट असते हे ठाऊक असून त्यानं आणखी अर्धा कप मागून घेतला, यावरून काय ते समजा. सुपारी फोडायची तेवढी बाकी होती.

पौषात काकासाहेब कापूस घेऊन जालन्याच्या मोंढ्यात आले. व्यवहार उरकला, हातात वेळ होता, म्हटलं होणाऱ्या जावयाची खोली पाहून जावं. न कळवता दारात उभे राहिले. मच्छिंद्र तेव्हा मोसंबी सोलत बसलेला. खिडकीत अंड्याची टरफलं, कोपऱ्यात दुधाचं पातेलं, ताटलीत बिनतिखटाचं काहीतरी पांढरं. काकासाहेबांनी उभ्या उभ्या सगळं पाहिलं. उन्हातून आलेला माणूस, कळशीवरचा गिलास उचलला आणि पाणी घेणार, तोच मच्छिंद्रनं झडप घालून हात धरला.

"मामा, तो न्हाई. तो माझ्या एकट्याचा हाये. तुमच्यासाठी दुसरा आणतो."

काकासाहेबांच्या हातातून गिलास सुटायचाच राहिला. त्यांचा मेव्हणा क्षयानं गेला होता. सॅनिटोरियमात त्याच्या उशाशी ते महिनोन् महिने बसलेले. अंडं, दूध, मोसंबी आणि वेगळा गिलास. हा सगळा संसार त्यांच्या ओळखीचा होता. तरी त्यांनी हळूच विचारलं, हे कधीपासून?

"चार महिने झाले, मामा. डॉक्टर म्हणाले तसं बिलकुल पाळून राह्यलो. लई फरक हाये."

बाप लेकीचा होता. पाणी न पिताच निघाला.

पुढं काय झालं ते सांगायला नको. सुपारी लांबली. बातमी एसटीच्या आधी टेंभुर्णीला पोचली. मच्छिंद्र घरी आला तर हॉटेलवाल्यानं त्याची कपबशी बाजूला ठेवली, लहानपणापासूनच्या दोस्तांनी पारावर थोडं सरकून जागा केली, जरा जास्तच सरकून. त्यानं छाती पुढं काढून दाखवली, बैठका मारून दाखवल्या. लोक म्हणाले, बिचारा, शेवटी शेवटी असा जोर येतो.

काकासाहेब वाईट माणूस नव्हते. रेणुकेच्या भंडाऱ्याला जेवायला या, असा त्यांनी निरोप धाडला. अर्थ उघड होता. पोरगं चारचौघांत, चारचौघांसारखं जेवलं तर बघू.

मच्छिंद्र गेला. पंगतीत काकासाहेबांच्या समोरच बसला. दारामागे बेबीनंदा उभी आहे हे त्याला ठाऊक होतं. ताटात भाकर, ठेचा आणि येसराची आमटी पडली, वर बोटभर लाल तर्री. इतके महिने मीठसुद्धा न शिवलेल्या जिभेचा विचार त्यानं केला नाही. भाकर चुरली, आमटी ओरपली, वाढप्याला हाक मारून पुन्हा मागितली. काकासाहेबांचा चेहरा जरा सैल पडला. वाढपी हसला. बेबीनंदेच्या बांगड्या वाजल्या. मग भरात येऊन गड्यानं तिसरी वाटी एका दमात तोंडाला लावली आणि ठसका लागला.

साधासुधा ठसका नव्हता. डोळे पांढरे झाले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, एक उबळ संपेना तोच दुसरी. सगळी पंगत हात थांबवून बघत राहिली. आरोग्याचे नियम एवढे अंगात मुरलेले, की तशाही हालतीत त्यानं खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून तोंडावर धरला. उबळ थांबल्यावर रुमाल खाली घेतला. रुमाल लालभडक.

तर्री होती हो ती. पण वास कोण घेऊन बघणार? शेजारचे दोघं भरल्या ताटावरून उठले. काकासाहेबांनी कपाळाला हात लावला. दारामागं आता कुणी नव्हतं. उन्हाळ्यात बेबीनंदेचं लग्न अंबडकडच्या एका विडीफुंक्याशी झालं. तो पंगतीत पंधरा भाकरी मोडायचा, कोणी काही म्हटलं नाही.

भंडाऱ्यावरून मच्छिंद्र घरी परतला तेव्हा त्याचं अंथरूण ओसरीच्या टोकाला घातलेलं होतं. शेजारी नवा गिलास, वर रुमाल झाकलेला. चतुराबाई आतून ताटली घेऊन आली. गळ्यातली माळ तिनं काढून देवापुढं ठेवली होती. ताटलीत सोललेलं, उकडलेलं अंडं होतं.

"माय, मला काही झालं न्हाई."

"व्हय बाबा. खाऊन घे," ती म्हणाली. ताटली तिनं उंबऱ्याजवळच ठेवली आणि लाकडानं हळूहळू त्याच्याकडे सरकवली.

त्यानं अंडं खाल्लं. मीठ घातलेलं नव्हतं.