जिभेवर न धरायचा दोरा

आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवरच्या मैत्रिणींनो, काल सांगितलेलं विसरला असालच, म्हणून बारशाचं परत सांगते. टाइप नातसून करतेय. आज परदेशात माझ्या पणतीचं बारसं. ते मी फोनवर बघणार होते, तर सकाळीच आमच्या नेटची वायर तुटली.

जोडायला नेट कंपनीची सविता आली. वायर सोलली तर आत केसाएवढा दोरा, तो कनेक्टरच्या इवल्याशा भोकात घालायचा. मी जन्मभर गोधड्या शिवलेली. म्हटलं, "अगं, टोक जिभेवर ओलं कर."

"आजी, काच आहे ती. धूळ चालत नाही, थुंकी कशी चालेल?"

तिने टोक पुसलं, सरळ कापलं आणि एका दमात ओवलं. ओवण्यात मला कुणी हरवलं नव्हतं. आज हरले, म्हणून पणतीचं नाव वेळेवर कानावर आलं.

उद्या सविता खालच्या मजल्यावर नेट जोडायला येणार आहे. तिच्यासाठी तिथे माझ्या पणतीच्या बारशाच्या घुगऱ्या करून पाठवा. मीठ तेवढं विसरू नका.