दवाखान्यात जायची साडी

सत्तरच्या दशकात आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहत होतो. समोरच्या घरातली सून दिवसभर विड्या वळायची. घरात तेलुगू, पण मराठी फाडफाड बोलायची. मी शाळेत शिकवायची, म्हणून ती मला ‘बाई’ म्हणे.

एका सकाळी तिच्या पोटात उजव्या बाजूला कळा सुरू झाल्या. सासूने तिला लग्नातली हिरवी जरीकाठी साडी नेसवली, वेणीत अबोली माळली. मोठ्या दवाखान्यात फाटक्या लुगड्यात गेलं की बाहेरच बसवून ठेवतात, हे गल्लीत पोरांनाही ठाऊक होतं.

डॉक्टरने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “लग्नाला निघालीस का?” पोटाला हातही न लावता गुलाबी औषधाची बाटली देऊन त्याने तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली, सरळ उभी राहीना. मी तिला टांग्यात घातलं. अंगावर विड्या वळायची साडी, तंबाखूच्या वासाची. दवाखान्यातल्या आयाने तिला दाराजवळ फरशीवर बसवलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसले नाही. डॉक्टर कालचाच, ती माझ्या कानात म्हणाली. कधीपासून दुखतंय, हे तो मला विचारायचा. उत्तर ती खालून द्यायची. पुढचा प्रश्न पुन्हा मलाच. पोट दाबून पाहिल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. अपेंडिक्स फुटलं होतं.

“या लोकांचं हेच,” तो मला म्हणाला. “दुखणं अंगावर काढतात आणि अगदी शेवटी येतात.”

“काल आली होती. तुम्हीच परत पाठवलीत.”

“काल? ती नटवी? छे, बाई, ती वेगळी होती.”

तो खोटं बोलत नव्हता, आणि मला शिसारी आली ती याचीच. दोन्ही दिवस त्याने साडी तपासली होती. स्ट्रेचरवरून तिने त्याला हात जोडले. “चुकलं साहेब. मलाच उशीर झाला.”

ऑपरेशन झालं, ती वाचली. पुढे गल्लीभर सांगत सुटली की साहेब देवमाणूस, चूक आपलीच. मी दोनदा सुनावलं, मग नाद सोडला.

वर्षभराने तिचं पोर तापलं. त्याला कडेवर घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली. “बाई, कुटली साडी नेसू, सांगा की.”

असल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार होतं, याची किळस वाटली. पण पोराचं अंग भाजत होतं.

“सुती नेस, धुतलेली. फूल नको. चल, मी येते.”