काकाचा फोटो खाली गेला

आमच्या घरात राग हातातून बाहेर पडतो. वडील मुंबईला नोकरीला, त्यामुळे मला वाढवलं काकाने, आणि वाढवलं म्हणजे बडवलं. एकदा पाण्याचा पंप चालू होईना म्हणून त्याने त्यावर घण घातला. पंप कायमचा गेला आणि काका दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मी रत्नागिरीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागलो तेव्हा तोच राग मॉडेमवर निघू लागला. लाईन तुटली की मी त्याला थापडा मारायचो. मांडवीतल्या भाड्याच्या खोलीत मी दोन कीबोर्ड टेबलावर आपटून मोडले. हे सांगायला मला लाज वाटत नाही. पुढचं सांगायला वाटते.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. क्लासमधून सुटलो की मी आमच्या गावाची वेबसाईट करत बसायचो. गाव संगमेश्वरच्या आत, डोंगरात, आणि निम्मं गाव मुंबईत चाकरीला. त्यांना सायबर कॅफेत बसून आपलं देऊळ दिसावं, एवढीच हौस. नोटपॅडमध्ये हाताने कोड लिहायचा आणि इंटरनेटवर फुकट मिळालेल्या जागेत चढवायचा. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते आणि तिला खांदा देण्याचा मान पाच घरांचा. प्रत्येक घराचा एक फोटो स्कॅन करून मी पालखीचं पान तयार केलं.

त्या वेळी पान वरून खाली रखडत रखडत उघडायचं. मोठी फाईल वर टाकली की माणूस कंटाळून निघून जायचा. म्हणून मी लहान फाईलचे फोटो वर घेतले आणि सगळ्यात मोठी फाईल तळाला टाकली. ती काकाची होती. पालखीचा पुढचा दांडा खांद्यावर, तोंड गुलालाने माखलेलं, असा झकास फोटो. खरं तर पहिला मान आमचा, म्हणजे वरच्या घराचा. खालच्या घराचा मान चौथा, पण त्यांनी दिलेला फोटो पासपोर्टएवढा, तो गेला सगळ्यांच्या वर. नारळ आधी कोणाच्या हातात द्यायचा यावरून ज्या गावात डोकी फुटतात, तिथे जन्मून मला हे सुचू नये! मला नुसते किलोबाईट दिसत होते.

शिमग्याच्या आधी देवळात गावकीची बैठक बसली. खालच्या घरातल्या एका म्हाताऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. मुंबईत कोणीतरी माझ्या पानाची प्रिंट काढून त्याला पाठवली होती.

"वाचा," तो म्हणाला. "पयला मान आमचा. वरच्या घराच्याच पोरानं लिवलान."

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. काकासुद्धा. त्याच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसली. फाईल लहान-मोठी असते, हे तिथे कोणाला समजावणार? मग मी खोटं बोललो. खालच्या घरातला माझ्याच वयाचा एक जण मुंबईत कॉम्प्युटरचं काम करायचा. शिमग्याला गावी आलेला तो समोरच बसला होता. मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणालो, "यानेच वेबसाईटमध्ये घुसून फोटो फिरवलेत."

तो बिचारा ओरडून सांगत होता की पासवर्ड मला माहीत नाही. पासवर्ड म्हणजे काय, हे बैठकीत कोणाला ठाऊक होतं!

काका उठून उभा राहिला. "माज्या पोरानं सांगितलान, म्हंजे तसाच हाय," तो म्हणाला. मान आमच्याकडेच राहिला, आणि खालचं घर गावात चोर ठरलं.

पालखी सहाणेवरून, म्हणजे देवळापुढच्या चौथऱ्यावरून उचलायच्या वेळी तो मुलगा गर्दीतून सरळ माझ्यापाशी आला. त्याने माझी कॉलर धरली. "देवीसमोर सांग. मी केलंय ते?"

ढोल थांबले. एक शब्द बोललो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी खाली वाकलो, जांभ्या दगडाचा एक तुकडा उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. त्याचे पुढचे दात तुटून ओठातून बाहेर आले. मग दोन्ही घरं एकमेकांवर तुटून पडली. बायका किंचाळत पोरांना ओढून नेत होत्या, पालखी तशीच खाली. त्या मुलाचा बाप दांडकं घेऊन माझ्यावर धावला आणि काका मध्ये आला. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खाली पडल्यावरही काका मला म्हणत होता, "पळ, तू पळ."

त्याचा उजवा हात पुन्हा सरळ झाला नाही. पालखीला खांदा द्यायचं संपलं. रत्नागिरीला परत आल्यावर मी ते पान काढून टाकलं आणि मॉनिटर लाथेने फोडला. तेवढ्याने काय होणार होतं?

पुढच्या शिमग्याला दुपारी काका अंगणात एकटाच बसला होता. लांबून ढोल ऐकू येत होते आणि त्याचा डावा पाय ताल धरत होता. मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. फाईलचं, खोट्याचं, दगडाचं.

त्याने ऐकून घेतलं. "म्हंजे त्या पोरानं कायच केलान नव्हता?"

"नाही."

डाव्या हाताचा असा फटका बसला की माझा ओठ फाटला. मी तोंड पुसत उभा राहिलो. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"उद्या सहाणेवर उभा रव," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर सांग. त्या पोराचे पाय धर."

"मारतील मला, काका."

"मारूंदेत. मी हाय ना."

सकाळच्या पहिल्या एसटीने मी रत्नागिरीला पळून आलो. काका सहाणेवर दुपारपर्यंत माझी वाट बघत थांबला होता, असं काकूने नंतर सांगितलं. मग तो उठला, खालच्या घरी चालत गेला आणि त्याच्या चालत्या हाताने त्या पोराचे पाय धरले.