माशांचं बाळंतपण

मासे स्वतःचीच अंडी खातात, हे मला अहेरीला आल्यावर कळलं. तेव्हा मी जंगलखात्यात कारकून होतो. डोकं तापट आणि हौस दांडगी. नागपूरला एका मित्राकडे काचेची पेटी पाहिली होती. तशीच पत्र्याच्या चौकटीत काचा बसवून करून घेतली आणि आम्ही निजायचो त्या मधल्या खोलीत ठेवली. मासे नाल्यातून फडक्यानं धरून आणलेले, बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे. मादी सकाळी अंडी टाकायची आणि दुपारपर्यंत ती नवराबायको मिळून मटकावून मोकळी! तीनदा असं झालं. मी चिडून पेटीवर हात आपटायचो आणि बायको तोंडाला पदर लावून हसायची.

“लोकं बायकोचं बाळंतपण करतेत, आमचे हे माश्याचं करून राह्यले!”

लग्नाला चार वर्षं झाली होती, घरात लेकरू नव्हतं, तरी ती हे हसून म्हणू शकायची. मला तेवढं मोठं मन कधीच नव्हतं.

युक्तीही तिनंच काढली. पेटीच्या तळाशी खेळायच्या गोट्या पसरायच्या, म्हणजे अंडी फटीत पडतात आणि माशांचं तोंड तिथवर पोचत नाही. आठवडी बाजारातून गोट्या तिनंच आणल्या. चौथ्या खेपेला अंडी पडल्याबरोबर मी मोठे मासे घागरीत काढले. तिसऱ्या दिवशी काचेला चिकटलेली पिल्लं दिसली. डोळ्यांचे दोन ठिपके आणि मागे सुतासारखं शेपूट. मी तिला चुलीपासून ओढत आणून दाखवलं.

दुसऱ्याच दिवशी हिवतापाचे फवारेवाले आले. डीडीटीचा वास अंगणातच नाकात शिरला. त्यांचा मुकादम भला माणूस होता.

“बाबूजी, पेटी बाहेर घ्या, नाई तं मासे मरतीन.”

भरलेली पेटी हलत नव्हती आणि पिल्लं अजून पोहतही नव्हती. थोडं पाणी उपसून ती नेता आली असती, पण हे आज सुचतं. मी म्हणालो, आज नको, पुढच्या खेपेला या.

“पुढची खेप लय महिन्यांनी हाये जी. वरून चादर टाका, मारतो.”

“चादरीनं काय होते? नको म्हटलं ना एकदा!”

बायकोनं मला आत बोलावलं. “काऊन नाई म्हणता? मासे नाल्यात ढीगभर हायेत. हिव आलं तं?”

“तुले काय समजते?” मी खेकसलो. माझी अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय! फवारेवाले घर न फवारता निघून गेले.

पिल्लं जगली, साठाच्या वर. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून मी त्यांना भरवत होतो, त्याच दिवसांत तिला पहिली हुडहुडी भरली. तीन गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती. कुनैनची गोळी पोटात ठरेना. फवारलं असतं तरी हिव आलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पटत नाही.

सासरे नागभीडकडचे धानाचे शेतकरी. पत्र मिळून इथवर यायला त्यांना आठवडा लागला. ते आले तेव्हा ताप उतरला होता आणि ती शुद्धीवर होती. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि भिंतींकडे पाहिलं.

“आमच्याकडं घराघरात औषध मारलं. तुमच्याकडं नाई आले काय जी, जवाईबापू?”

मी पाण्याचा तांब्या भरायला उठलो.

“नाई आले, बाबा,” ती खाटेवरून म्हणाली. “इकडं जंगलात कोण येते?”

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

ताप पुन्हा चढला आणि दोन दिवसांनी ती गेली. दहाव्याच्या आधीच मी पेटी नाल्यात रिकामी केली.

सासरे पुढे बरीच वर्षं जगले. मी गेलो की ते स्वतः माझ्या ताटात भात वाढायचे आणि फवारेवाल्यांना शिव्या द्यायचे. “त्या हरामखोरायनं माही पोरगी मारली, जवाईबापू. एक दिवस आले असते तं?”

मी मान खाली घालून हो म्हणायचो आणि जेवायचो.