बोलक्या फोटोंचा मामा

आमच्या मामानं फोटो काढताना कोणाला कधी ‘हसा’ म्हटलं नाही. कॅमेरा मांडीवर ठेवून तो आधी गप्पा मारायचा. समोरचा माणूस कॅमेरा विसरला, की मग फोटो. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेल्या गिऱ्हाइकाचीही अर्ध्या तासाशिवाय सुटका नसे. माझ्या लग्नात तो आचाऱ्याशी बोलत बसला आणि तिकडे हार घालून झाले. आमच्या अल्बममध्ये आचाऱ्याचे नऊ फोटो आहेत, एकाहून एक सरस. आम्हा नवराबायकोचे दोन, त्यातल्या एकात माझे डोळे मिटलेले.

चंद्रपुरातला स्टुडिओ पोटापुरता. खरा मामा दिसायचा तो पोंभुर्ण्याकडे, कुरखेड्याकडे, तलावात मासे धरणाऱ्यांच्या गावी. काढलेला फोटो ज्याचा त्याला नेऊन द्यायचा, हा त्याचा नेम. असाच एक फोटो त्यानं पोंभुर्ण्याजवळच्या सखूबाईला दिला. जाळं विणता विणता म्हातारीनं तो न्याहाळला.

"बेस हाये भाऊ. पन मी एवढी गप कवा राह्यते?"

हे वाक्य मामाला माशाच्या काट्यासारखं रुतलं. दोन हजार सालच्या आगेमागे त्यानं टेपरेकॉर्डर घेतला, मग डार्करूम मोडून तिथं कॉम्प्युटर मांडला. फोटो एकामागून एक सरकतील आणि खाली त्या माणसाचाच आवाज चालेल, अशा सीडी करायचं त्याच्या मनानं घेतलं.

"आधी घरात फोटो वाळत," मामी म्हणाली, "आता वायरी वाळून राह्यल्या."

घरात कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केलेला मी एकटाच. सर्टिफिकेट फ्रेम करून लावणाराही मी एकटाच. मामानं गावोगावचे आवाज कॉम्प्युटरवर उतरवले, त्याच कॅसेटी पुन्हा भरायला घेतल्या आणि कुरखेड्याला निघाला. जाताना म्हणाला, "मी येतपर्यंत फोटो अन् आवाज जोडून ठेव."

मी जोडले. शिवाय स्वच्छही केले. सखूबाईचा खोकला काढला, म्हशीचं रेकणं काढलं, बोलता बोलता ती थांबायची त्या रिकाम्या जागा काढल्या. मामाचे लांबलचक प्रश्न तर सगळ्याच गावांतून काढले. सिनेमात प्रश्न विचारणारा कुठं ऐकू येतो? वर बासरी टाकली. डिस्क भरली, म्हणून मूळचं सगळं पुसून टाकलं. मामानं आणलेल्या कुरखेड्याच्या कॅसेटींचंही पुढं तेच केलं. माझ्यावर मी बेहद्द खूश होतो.

दरम्यान सखूबाई वारली. तिच्या दिवसांनंतर आम्ही गोधडीत गुंडाळून कॉम्प्युटर तिच्या गावी नेला आणि समाजमंदिरात सीडी लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या मुलानं तेवढ्या वाजवल्या नाहीत.

"आवाज मायचाच हाये," तो म्हणाला. "पन माय अशी नोती बोलत. मंदी थांबे. आमाले वाटे, आता रडते का काय. मंग हासे. ते कुठी गेलं, भाऊ? पयलंवालं लावा ना."

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळायला घेतला.

परतताना जीपमध्ये तो एकदाच बोलला, "ते घान हाये, असं तुले कोनी सांगतलं होतं?"

रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नव्या कॅसेटी आणल्या, त्या पुन्हा गावोगाव जाऊन भरू म्हणाला. पण काही म्हातारी माणसं उरली नव्हती, उरलेल्यांना ते बोलणं पुन्हा जमेना. कॅसेटी कोऱ्याच राहिल्या. मग मामाचेच पाय सुजायला लागले. कॉम्प्युटरवर मामीनं टेबलक्लॉथ घातला.

मामा गेल्यावर महिन्याभरानं मामीनं मला बोलावलं. "त्या सीड्यांत त्यायचा आवाज असन ना रे? एकडाव आयकू दे."

मी सखूबाईची सीडी लावली. म्हातारी बोलत होती: हो भाऊ, तवा तलाव मोठा होता. नाई भाऊ, भेव नाई वाटत. तुमी जेवले का, भाऊ?

मामी पडद्याच्या अगदी जवळ सरकली.

"अरे, थे इचारून राह्यली," ती म्हणाली. "हे काऊन बोलत नाई?"