अर्धे पाकीट

माझ्या मोठ्या जावेइतकी हसवणारी बाई मला पुन्हा भेटली नाही. लग्न होऊन मी सालेकसा तालुक्यातल्या त्या घरी गेले, तेव्हा डी.एड.चे एक वर्ष बाकी होते. रोज गाडीने गोंदियाला जायचे, संध्याकाळी परत. डबा ती भरायची आणि दारातून ओरडायची, "मास्तरीणबाई, येताना आमच्यासाठी बी थोडंसं डोकं घेऊन ये वो!" ही दोन हजार तीन-चारची गोष्ट. ते दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो.

घरात काहीही एकच आले तर आम्ही दोघी त्याचे दोन वाटे करायचो. टिकल्यांचे पान, केसांच्या पिना, सगळे. अंगाच्या साबणाची वडी ती दोऱ्याने अशी कापायची, की कुणाचा तुकडा मोठा हे सांगता येत नसे.

महिन्यातून एकदा अंगणवाडीत नर्सबाई यायच्या. शिक्षण होईपर्यंत मूल नको, हे माझ्या वडिलांनी लग्नाच्या बैठकीतच ठरवून घेतले होते. त्यामुळे गोळ्यांचे पाकीट मी उजळ माथ्याने घ्यायचे. जावेचे तसे नव्हते. तिला दोन मुली. धाकटीच्या वेळी तिच्या अंगावरून इतके रक्त गेले, की डॉक्टरांनी तीन वर्षे थांबा म्हणून बजावले होते. पण सासूबाईंना नातू हवा होता आणि त्या नेमक्या अंगणवाडीच्या ओट्यावर बसलेल्या असायच्या. त्यांच्यादेखत पाकीट मागायची तिची छाती होईना.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "मले बी दे न त्यातल्या. थोड्याशाच दे." आणि उठून कैची घेऊन आली.

मी शिकलेली ना! नर्सबाईंचे बोलणे मला तोंडपाठ होते. पाळीच्या पाचव्या दिवसापासून रोज एक, रात्री जेवल्यावर. खाडा नाही. एखादी विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची. पण एवढे ऐकून मी काढलेला अर्थ असा, की औषध अंगात गेले म्हणजे झाले. थोडे तिच्या, थोडे माझ्या. पाकिटात चार ओळी होत्या, तीन पांढऱ्या आणि एक तपकिरी. दोन पांढऱ्या मी ठेवल्या. एक पांढरी आणि ती तपकिरी तिला दिली. तपकिरी रक्तवाढीची, आणि हिच्या अंगात रक्त कमी, तेव्हा हिलाच तिचा गुण जास्त येईल, हे वरचे शहाणपण. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

दर महिन्याला असे वाटे करता करता तिसऱ्या महिन्यात तिला सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. सासूबाईंनी बोटांवर दिवस मोजले आणि शेजारणींच्या हातावर गूळ ठेवला.

मी कापलेले पाकीट घेऊन नर्सबाईंकडे धावले. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, अर्ध्या भाकरीनं अर्धी तरी भूक भागते. अर्ध्या पाकिटानं काहीच होत नाही. एकवीस पांढऱ्या एकीनंच ओळीनं घ्यायच्या. तपकिरीत नुसतं लोह, त्यानं दिवस राहायचे थांबत नाहीत. तू सुटलीस ती नशिबानं."

घरी येऊन मी जावेपुढे रडले. ती म्हणाली, "कैची तं मीच देल्ली होती तुले. रडून कायले राह्यली?" आणि पुन्हा कामाला लागली. पण तिची नखे दिवसेंदिवस पांढरी पडत होती. मी रोज ताटात पालेभाजी वाढायची, लोहाची गोळी समोर बसून गिळायला लावायची आणि मनातल्या मनात घाबरायची. ही गेली तर मारणारी मीच, हा विचार परीक्षेच्या पेपरातही सुटला नाही.

बाळंतपणाला तिला जीपने गोंदियाच्या दवाखान्यात नेले. पुन्हा तसेच रक्त गेले. दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. बाहेर बाकावर सासूबाई आणि मी. मला राहवेना. मी सगळे सांगून टाकले आणि आता थोबाडीत बसेल म्हणून मान खाली घातली.

त्यांनी हनुवटी धरून ती वर केली. मग म्हणाल्या, "मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमाले नातू पाह्यजे होता."

"पाह्यजे होता. तिचा जीव देऊन पाह्यजे, असं कवा म्हटलं मी?"

कधीच म्हटले नव्हते. आणि आम्ही दोघींनीही त्यांना कधी विचारले नव्हते.

जाऊ वाचली. तिसरीही मुलगीच झाली. अंगावर पाजते आहे तोवर, सहा महिने तरी या गोळ्या नकोत, असे नर्सबाईंनी सांगितले. सासूबाईंनी ते महिने मोजले. सातव्या महिन्यात अंगणवाडीत बायकांची रांग लागली, तर सगळ्यांत पुढे त्याच उभ्या. बायका पदरात तोंड लपवून हसल्या. नर्सबाईही हसू दाबत म्हणाल्या, "आजी, तुम्हाला कशाला हवं आता?"

"मोठ्या सुनेसाठी," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी कोणी असं उभं राह्यलं असतं, तं मले बाळंतपणाच्या सात खेपा झाल्या असत्या का वो?"