खाडीकाठी मिळालेला निरोप

या सदरात येणारे वाचकांचे अनुभव मी आजवर गंमत म्हणूनच वाचत आले. मी भिवंडीत अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. मरणाच्या दारातून परतलेल्यांना प्रकाश कसा दिसतो, असं मुलांनी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं — मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो, बस्स! सासूबाई गणेशपुरीहून अंगारा आणायच्या, तो मी निमूट लावायचे... पण त्यांचं मन राखायला, इतकंच.

गेल्या हिवाळ्यात भर दुपारी स्टाफरूममध्ये छातीत कळ आली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत शुद्ध होती. आयसीयूत माझं हृदय बंद पडलं, हे नंतर कळलं. तेव्हा मला जाणवलं ते एवढंच, की गावभर चालणाऱ्या लूमची, यंत्रमागांची खटखट थांबली... जन्मापासून कानात बसलेला तो आवाज कोणीतरी हलकेच बंद केला.

मी खाडीकाठी उभी होते. ओहोटी लागलेली. ऊन कोवळं, पण सूर्य कुठेच नाही. पायाखालचा चिखल उबदार होता आणि मला वजनच नव्हतं... भीतीही नव्हती. शेजारी एक माणूस — चौकड्याची लुंगी, बनियन, केसांत कापसाचे तंतू. मला पाहून ओशाळल्यासारखा हसला.

“बहनजी, आप लौट रही हैं?”

मला कसं कळलं कोण जाणे, पण मी “हां” म्हटलं.

“तो मेरी घरवाली को बोल देना... रुकैया को. नमक ठीक था. मैं ही चिढ़ा हुआ था.”

आणि तो पाण्यात उतरला, रोजच्या वाटेनं घरी जावं तसा. पाणी घोट्याच्या वर चढलंच नाही... मग माझी छाती एकदम पेटली, आणि डोळ्यांवर आयसीयूचे दिवे.

बोलता यायला लागल्यावर नर्सला विचारलं, “केसांत कापूस असलेला कोणी पेशंट होता का इथे?”

ती चपापली. “तुम्हाला कोणी सांगितलं मॅडम? बाजूच्याच बेडवर होता. लूमवर ड्युटीवर कोसळला. तुम्हाला शॉक देत होतो, तेव्हाच तो गेला.”

“तो काही बोलला?”

“बेशुद्धच आणला होता. आणि मध्ये पडदा होता.”

घरी आल्यावर नवऱ्याला, महेशला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “त्या बाईला कशाला छळतेस? असले निरोप सांगणारे बुवा दुसऱ्याच्या दुःखावर जगतात, हे तूच म्हणतेस ना?”

म्हणत होतेच. निरोप खोटा निघाला तर काय, ही भीती होती. खरा निघाला तर... ती जास्त होती.

सासूबाई म्हणाल्या, “सूनबाय, दुसऱ्याचा निरोप आपल्याजवल ठेवायचा न्हाय.”

शेवटी महेशनेच ओळखीतून घर शोधलं. सासूबाई सोबत आल्या. लूमच्या मागच्या चाळीत एक खोली. रुकैया भिंतीला टेकून बसलेली. तिची जाऊ कुजबुजली, “तब से ठीक से खाया नहीं इसने. रोई भी नहीं.”

मी आधीच सांगितलं, “मैं कोई पीर-बाबा नहीं हूं. सपना भी हो सकता है.” मग त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले.



“उस दिन थाली सरका के गए थे,” रुकैया म्हणाली. “बोले, दाल में नमक नहीं है. मैं भी चिल्लाई.” मग भिंतीपासून सरकून पुढे आली. “बाद में मैंने चखा था, बाजी. नमक सच में नहीं था.”

आणि ती हसली! “मनाना होता था ना, तो ऐसे ही झूठ बोलते थे...” हसता हसताच तिला रडू फुटलं. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं.

रुकैयाचं नाव कोणीतरी आयसीयूत घेतलं असेल, माझ्या कानावर पडलं असेल. मेंदू भास घडवतो, हे मला आजही पटतं. पण माझ्या मेंदूला त्या घरातली डाळ कुठून ठाऊक? डॉक्टरांनाही मी हेच विचारलं. 

त्या दिवशी निघताना आम्ही चपला घालत होतो, तेव्हा आतून रुकैयाचा आवाज आला. जावेला विचारत होती, “भाभी, कुछ खाने को है?”